फिनिक्समध्ये घर कुठे घ्यायचं? स्कॉट्सडेल, गिल्बर्ट, चँडलर आणि बाकीच्यांची तुलना कशी करायची

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दोन-तीन जणांचे तरी मेसेज येतातच, कुणाला चँडलरच्या इंटेलमधली ऑफर असते, कुणाला नॉर्थ फिनिक्सच्या टीएसएमसी या चिप कंपनीतली, आणि प्रश्न ठरलेला, "चांगला एरिया कुठला गं?" मी बरीच वर्षं इथे, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये, राहतेय, दोन घरं बदलून झाली, आणि ओळखीच्या लोकांबरोबर त्यांची घरं बघत इतके वीकेंड फिरलेय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

सुरुवातीलाच एक सांगते. "चांगला एरिया" मध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक जिथे पैसेवाले आहेत तो एरिया, आणि जिथे रोजचं जगणं सुखाचं होतं तो एरिया. पुण्यात किंवा मुंबईत हे दोन बऱ्याच वेळा एकाच ठिकाणी सापडतात, इथे वाळवंटात नेहमीच सापडत नाहीत. आणि दुसरं म्हणजे गावाच्या नावावरून तुलना केली की हमखास चुकतं, कारण एकाच गावात दोन मैलांवर परिस्थिती पार बदलते.

पायरी १: आधी नकाशा डोक्यात बसवा

स्थानिक लोक या सगळ्या पसाऱ्याला "व्हॅली" म्हणतात. मधे फिनिक्स शहर, लोकसंख्या १६ लाखांच्या वर. पूर्वेला आणि आग्नेयेला ईस्ट व्हॅली, म्हणजे टेंपी, मेसा, चँडलर, गिल्बर्ट, क्वीन क्रीक. ईशान्येला स्कॉट्सडेल आणि त्याला चिकटून छोटंसं पॅरडाइज व्हॅली. पश्चिमेला वेस्ट व्हॅली, म्हणजे ग्लेंडेल, पिओरिया, सरप्राइज, गुडइयर, बकाय.

पैसा ईशान्येकडेच का गेला याला कारण आहे. सॉल्ट नदीच्या काठाला आणि दक्षिणेला पूर यायचा, रेल्वे आणि कारखाने त्याच बाजूला आले, आणि जुन्या काळी उत्तरेकडच्या वस्त्यांच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की काळ्या किंवा मेक्सिकन कुटुंबाला घर विकायचं नाही, त्यामुळे ती माणसं दक्षिणेलाच अडकली. उत्तरेला कॅमलबॅक डोंगराच्या आसपास १९२९ मध्ये ॲरिझोना बिल्टमोर हॉटेल उघडलं, १९३६ मध्ये कॅमलबॅक इन, थंडीत श्रीमंत पाहुणे यायला लागले, त्यातल्या काहींनी तिथेच घरं बांधली. पॅरडाइज व्हॅली १९६१ मध्ये वेगळं गाव झालं ते मुख्यतः एका एकरावर एकच घर हा नियम टिकवायला. आज तिथे जेमतेम साडेबारा हजार माणसं राहतात आणि अख्ख्या राज्यातली सगळ्यात महाग घरं तिथली. म्हणजे नकाशावर जी श्रीमंती दिसते ती आपोआप आलेली नाही, नियम करून राखलेली आहे.

आणि उलटही होतं. पश्चिम फिनिक्समधलं मेरीव्हेल १९५० च्या दशकात जॉन एफ. लाँग या बिल्डरने बायकोच्या नावाने उभं केलं, तेव्हा तरुण नोकरदार कुटुंबांचं ते स्वप्न होतं, घर, अंगण, कधीकधी पूलसुद्धा. आज मेरीव्हेल म्हटलं की इथल्या लोकांच्या डोक्यात गरीब, नाव खराब झालेला एरिया येतो. त्यामुळे आजचा "हॉट" एरिया पन्नास वर्षांनी तसाच राहील असं धरून चालू नका.

पायरी २: पत्त्यातलं गाव खरं आहे का ते बघा

लिस्टिंगवर "स्कॉट्सडेल" लिहिलंय म्हणून घर स्कॉट्सडेलमध्येच असेल असं नाही. ८५२५४ हा झिप कोड यासाठी प्रसिद्धच आहे, पत्त्यात स्कॉट्सडेल, पण त्यातली बहुतेक घरं फिनिक्स शहराच्या हद्दीत, आणि शाळा पॅरडाइज व्हॅली युनिफाइड डिस्ट्रिक्टच्या. आता गंमत बघा, पॅरडाइज व्हॅली नावाच्या या शाळा डिस्ट्रिक्टचा बहुतेक भाग नॉर्थ फिनिक्समध्ये आहे आणि पॅरडाइज व्हॅली गावातली बरीच घरं स्कॉट्सडेलच्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात. तसंच महागणपतीच्या देवळामुळे आपल्या लोकांना माहीत असलेलं मॅरिकोपा गाव, ते मॅरिकोपा काउंटीत (म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात) नाहीच, पिनाल काउंटीत आहे. "क्वीन क्रीक" पत्त्याची बरीच घरंही खरं तर पिनालमधल्या सॅन टॅन व्हॅलीची.

म्हणून घर आवडलं की पहिलं काम, काउंटी असेसरच्या, म्हणजे मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्याच्या, वेबसाइटवर पत्ता टाकायचा. कुठल्या शहराची हद्द, कुठला शाळा डिस्ट्रिक्ट, बांधकामाचं साल, मागची विक्री कितीला झाली, हे सगळं फुकट बघायला मिळतं. ॲरिझोनात विक्रीची किंमत जाहीर असते, त्यामुळे एजंट सांगेल त्यावर अवलंबून राहायची गरज नाही.

पायरी ३: पैशाचा एक आकडा बघू नका, तीन बघा

सेन्ससच्या वेबसाइटवर जा आणि प्रत्येक गावाचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा: मीडियन (म्हणजे सगळे आकडे ओळीने लावले की मधोमध येणारं) घरगुती उत्पन्न, माणशी उत्पन्न, आणि घराची मीडियन किंमत.

२०१८ ते २०२२ च्या आकड्यांत मीडियन घरगुती उत्पन्न गिल्बर्टचं साधारण १ लाख १५ हजार डॉलर, स्कॉट्सडेलचं १ लाख ४ हजार, चँडलरचं लाखाच्या अगदी जवळ, मेसाचं ७४ हजारांच्या आसपास, फिनिक्सचं ७२, ग्लेंडेलचं ६६. पॅरडाइज व्हॅली २ लाखांच्या वर. हे बघून बरेच जण म्हणतात, अरे, गिल्बर्ट स्कॉट्सडेलपेक्षा श्रीमंत! तसं नाहीये. माणशी उत्पन्न बघितलं की स्कॉट्सडेल गिल्बर्टच्या जवळपास दीडपट निघतं. गिल्बर्टमध्ये दोघं कमावणारी आणि घरात दोन-तीन मुलं, स्कॉट्सडेलमध्ये साधारण चारातला एक माणूस पासष्टीपुढचा, रिटायर झालेला, महिन्याचं उत्पन्न कमी पण घराचं कर्ज फिटलेलं आणि शेअर्स वेगळे. शिवाय स्कॉट्सडेलची कित्येक घरं थंडीपुरती येणाऱ्यांची, ज्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात, त्यांचं उत्पन्न इथल्या आकड्यात पूर्ण येत नाही.

तर मुलं लहान असतील आणि शेजारीही तशीच कुटुंबं हवी असतील तर घरगुती उत्पन्नाचा आकडा तुमच्या कामाचा, आणि नुसती संपत्ती कुठे साठलीय ते बघायचं असेल तर माणशी उत्पन्न आणि घराची किंमत.

आणि गावाची सरासरी पाहून थांबू नका, सेन्सस ट्रॅक्टपर्यंत, म्हणजे गावातल्या छोट्या छोट्या विभागांपर्यंत, खाली जा. ग्लेंडेलचा आकडा वर दिलाय ना, पण त्याच ग्लेंडेलच्या उत्तरेला ॲरोहेड रँच आहे, तळी, गोल्फ कोर्स, मोठी घरं. मेसाच्या ईशान्य टोकाला लास सेंडास डोंगराच्या उतारावर आहे, तिथून अख्ख्या व्हॅलीचे दिवे दिसतात, आणि पश्चिम मेसाशी त्याचा काही संबंध लागत नाही. नाव कमी वजनाचं असलं की तसंच घर स्वस्त मिळतं, हा फायदा हुशार लोक घेतात.

पायरी ४: पाणी (ही पायरी गाळू नका)

फिनिक्सला वर्षाला सरासरी जेमतेम सात-साडेसात इंच पाऊस पडतो. मी सोलापूरची, आम्ही स्वतःला दुष्काळी म्हणवतो, पण सोलापुरातही याच्या दुपटीहून जास्त पडतो. मग एवढं शहर जगतं कसं? एक, सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांवरची धरणं आणि कालवे, जे सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट म्हणजे एसआरपी बघतं, त्यातलं रूझवेल्ट धरण १९११ मध्ये पुरं झालं. दोन, ३३६ मैलांचा सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा कालवा, जो कोलोरॅडो नदीचं पाणी पंपाने चढवत आणतो. तीन, जमिनीखालचं पाणी. चार, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं.

१९८० च्या भूजल कायद्यानंतर इथे नियम असा आहे की नवीन वसाहत बांधायची तर १०० वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे दाखवावं लागतं. जी शहरं स्वतः असा भरवसा राज्याकडून मंजूर करून बसली आहेत, म्हणजे फिनिक्स, मेसा, चँडलर, गिल्बर्ट, स्कॉट्सडेल, टेंपी वगैरे, तिथे घेणाऱ्याला चिंता कमी. जून २०२३ मध्ये राज्यपाल केटी हॉब्स यांनी जाहीर केलं की या भागात फक्त भूजलावर उभ्या राहणाऱ्या नवीन वसाहतींना यापुढे परवानगी नाही, आणि त्याची झळ बकाय, क्वीन क्रीक अशा कडेच्या गावांना बसली. आधी मंजूर झालेली घरं चालूच राहिली, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण पंधरा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा घेणारा हा प्रश्न विचारणारच.

आणि कडेची गोष्ट निघालीच आहे तर रिओ व्हर्डी फुटहिल्सचं ऐका. स्कॉट्सडेलच्या शेजारी, पण कुठल्याच शहराच्या हद्दीत नसलेली वस्ती, सुंदर डोंगर, मोठमोठे प्लॉट, महागडी घरं, आणि त्यातली शेकडो घरं टँकरवर. हो, टँकर, आपल्या माण-खटावच्या उन्हाळ्यात येतो तोच. टँकर स्कॉट्सडेलचं पाणी भरून आणायचे आणि १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने ते बंद केलं. पुढे तोडगा निघाला, पण तोवर लोकांनी कागदी ताटल्यांत जेवून दिवस काढले. घर कितीही देखणं असू दे, नळाला पाणी कुणाचं येतं हे विचारल्याशिवाय सही करू नका.

आता याची दुसरी बाजू, जी मला मनापासून आवडते. एसआरपीच्या जुन्या कालव्यांखालच्या काही वस्त्यांत आजही घराच्या अंगणाला पाटाचं पाणी येतं. आर्केडिया, नॉर्थ सेंट्रल फिनिक्स, टेंपीचे जुने भाग. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, कधी रात्री दोनलासुद्धा, मग उठून दारं धरायची, अंगण घोटाभर पाण्याने भरतं आणि सकाळपर्यंत मुरतं. आर्केडियात आधी संत्र्या-लिंबांच्या बागा होत्या, त्याच जमिनीवर घरं झाली आणि पाण्याचा हक्क जमिनीबरोबर राहिला. म्हणूनच तिथे मोठी झाडं आहेत, हिरवळ आहे, आणि जुनी बसकी घरंसुद्धा अव्वाच्या सव्वा किमतीला जातात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा आजोबांच्या मळ्याची आठवण येऊन गाडी बाजूला घेऊन उभी राहिले होते.

पायरी ५: ऊन, सावली आणि घराची दिशा

२०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या, वर किंवा तेवढा होता. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस १०० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त. सोलापूर-नागपूरची सवय असणारे म्हणतात, आम्ही बघितलंय ऊन. दिवसाचं बघितलं असेल, इथे रात्र थंड होत नाही, डांबर आणि भिंती दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत बसतात.

म्हणून वाळवंटात एखादी वस्ती किती सुखी आहे हे मी सावलीवरून ओळखते. सॅटेलाइट नकाशा उघडा, दोन वस्त्या शेजारी ठेवा, झाडांचा हिरवा रंग कुठे दिसतोय ते बघा. श्रीमंत भागात झाडं जास्त हे खरंच आहे, पण १९८०-९० च्या दशकातल्या मध्यमवर्गीय वस्त्यांतही, वेस्ट चँडलर, साऊथ टेंपी, आवाटुकी, तीस-चाळीस वर्षांत झाडं मोठी झालीत. नवीन वसाहतीत घर चकाचक असतं आणि समोर काठीएवढं झाड, ते सावली द्यायला लागेपर्यंत मूल कॉलेजला गेलेलं असतं. नॉर्थ स्कॉट्सडेल फिनिक्सपेक्षा हजारभर फूट उंच आहे, तिथे रात्री थोडं बरं वाटतं, तेही किमतीत धरलेलं असतं.

दिशेचं जरा नीट समजून घ्या कारण आपली माणसं इथेच फसतात. वास्तुशास्त्रात बघितलं म्हणून पूर्वेला तोंड असलेलं घर घेतलं, की बॅकयार्ड पश्चिमेला. दुपारी तीनपासून सूर्य सरळ मागच्या काचेच्या दारावर, पॅटिओ मे ते सप्टेंबर निरुपयोगी, हॉलचा एसी थांबत नाही. आमचं पहिलं घर असंच होतं. पाच उन्हाळे मागचे पडदे ओढून काढले आम्ही. उत्तरेला तोंड असलेलं घर बघा, वास्तुवालेही खूश आणि बॅकयार्ड दक्षिणेला, जिथे छप्पर असलेला पॅटिओ उन्हाळ्यात सावलीत राहतो आणि थंडीत कोवळं ऊन आत येतं. सासूबाईंनाही पटलं ते.

विजेची कंपनी आपल्याला निवडता येत नाही, एरियावर ठरते, एसआरपी (तीच, वरची पाणीवाली) किंवा एपीएस. दोन घरांची तुलना करताना मालकाकडे जुलै-ऑगस्टची बिलं मागाच, आणि एसी किती वर्षांचा आहे तेही, इथे दहा-बारा वर्षांत तो थकतो.

पायरी ६: शाळा

१९९४ पासून ॲरिझोनात ओपन एनरोलमेंट आहे, म्हणजे जागा असेल तर दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या सरकारी शाळेतही मुलाला घालता येतं, फक्त नेण्या-आणण्याचं आपलं आपण बघायचं. त्याच वर्षी चार्टर शाळांचाही, म्हणजे सरकारी पैशावर पण डिस्ट्रिक्टबाहेर स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचा, कायदा आला, बेसिस नावाच्या शाळा त्यातल्याच. त्यामुळे बाकी राज्यांसारखं "या शाळेसाठी याच गल्लीत घर" इतकं कडक नाही. तरी हद्दीतल्या मुलाला आधी जागा मिळते, म्हणून हद्द महत्त्वाचीच.

गंमत म्हणजे गिल्बर्टमधलं घर गिल्बर्ट पब्लिक स्कूल्समध्ये असेल, हिगलीत असेल, किंवा चँडलर युनिफाइडमध्येही असेल. वेस्ट चँडलरमधलं मूल आठवीपर्यंत कायरीन डिस्ट्रिक्टमध्ये आणि मग टेंपी युनियनच्या हायस्कूलला जातं. रस्ता ओलांडला की डिस्ट्रिक्ट बदलतो. आणि जुन्या वस्त्यांमध्ये मुलांची संख्या कमी होतेय, शाळा बंद होतायत, तेव्हा शाळेचं ग्रेड बघताना पट वाढतोय की घटतोय हेही डिस्ट्रिक्टला फोन करून विचारा.

पायरी ७: रस्ते, आवाज आणि जमीन

वेस्ट व्हॅलीत राहून पूर्वेला नोकरीला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळीही सूर्य आणि संध्याकाळी परततानाही सूर्य. ईस्ट व्हॅलीवाल्याच्या पाठीशी दोन्ही वेळा. ऐकायला छोटं वाटतं, वीस वर्षं रोज करून बघा.

ऑफिस टीएसएमसीला असेल तर गिल्बर्ट विसरा, नॉरटेरा, अँथम, पिओरियातलं विस्टान्सिया बघा. इंटेलच्या ओकोटिओ कॅम्पसला असेल तर साऊथ चँडलर, साऊथ गिल्बर्ट. ल्यूक एअर फोर्स बेसची एफ-३५ विमानं ग्लेंडेल, लिचफील्ड पार्क, गुडइयरच्या डोक्यावरून जातात, स्काय हार्बर विमानतळाची टेंपीवरून. घर बघायला रविवारी गेलात तर कळणार नाही, मंगळवारी सकाळी जा. आणि क्वीन क्रीक, चँडलर हाइट्सच्या बाजूला भूजल उपसून जमिनीला भेगा पडल्यात, राज्याच्या भूगर्भ खात्याचा नकाशा ऑनलाइन आहे, पत्ता टाकून बघा.

ओल्ड टाउन स्कॉट्सडेल आणि आर्केडियात आणखी एक त्रास, शेजारचं घर एअरबीएनबी, म्हणजे थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलेलं, निघणं. २०१६ च्या राज्याच्या कायद्यामुळे शहरांना अशा भाड्यावर बंदी घालता येत नाही. एचओए (म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारखी घरमालकांची संस्था) असेल आणि तिच्या नियमांत मनाई असेल तर यातून सुटता येतं, म्हणून एचओएचे कागद कंटाळा न करता वाचा.

पायरी ८: दर महिन्याचा खरा खर्च

प्रॉपर्टी टॅक्स इथे कमी आहे, आणि ज्या किमतीवर तो बसतो ती वर्षाला ५ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पॅरडाइज व्हॅली गाव तर स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स घेतच नाही. पण मेसातलं ईस्टमार्क, बकायमधलं व्हेराडो, विस्टान्सिया अशा मोठ्या नव्या वसाहतींत सीएफडी नावाचा जादा कर असतो, रस्ते-पाइपलाइनचं कर्ज फेडायला, आणि वर एचओएची फी. स्वस्त वाटलेलं नवीन घर इथे महाग पडतं, तर कर, सीएफडी, एचओए, वीज, पेट्रोल अशी महिन्याची बेरीज मांडा आणि मगच तुलना करा.

माझं मत, विचारताच आहात तर

पैसा अडचण नसेल तर आर्केडिया, पाटाचं पाणी आणि झाडं. लहान मुलं आणि ईस्ट व्हॅलीत नोकरी असेल तर साऊथ चँडलर किंवा गिल्बर्टचा मधला भाग, आपली माणसं भरपूर, किराणा जवळ, मंडळाच्या गणपतीला मोदक करायला शेजारणी मिळतात. कमी पैशात जास्त हवं असेल तर लास सेंडास किंवा आवाटुकी. आवाटुकी आहे फिनिक्स शहरातच, पण डोंगरामागे असल्यामुळे वेगळं गाव वाटतं, २०१९ च्या अखेरीस लूप २०२ हायवेचा तो भाग झाल्यापासून तिथून पश्चिमेलाही पटकन निघता येतं. नॉर्थ स्कॉट्सडेल सुंदर आहे, पण तिथे मुलाला खेळायला शेजारी मूल सापडेल का ते आधी बघा.

गेल्या वर्षी एक पुण्याचं जोडपं क्वीन क्रीकमधलं नवंकोरं मोठं घर आणि वेस्ट चँडलरमधलं १९८६ चं लहान घर यात अडकलं होतं. आम्ही वर लिहिलेलं सगळं एका वहीत मांडलं, महिन्याचा खर्च जवळपास सारखाच निघाला. मग जुलैत रात्री नऊ वाजता दोन्हीकडे गेलो आणि गाडीतून उतरून अर्धा अर्धा तास चाललो. एकीकडे चिटपाखरू नव्हतं, सगळे आत एसीत. दुसरीकडे झाडांखाली माणसं कुत्र्यांना फिरवत होती, दोन आजी खुर्च्या टाकून बसल्या होत्या, आणि त्यातल्या एकीने आम्हाला थांबवून विचारलं, "घर बघताय का?" तिच्याकडूनच कळलं की कोपऱ्यावरच्या घराचं छप्पर मागच्या मॉन्सूनमध्ये गळत होतं आणि पलीकडचं घर पुढच्या महिन्यात विकायला निघणार आहे. त्यांनी ते पलीकडचं घेतलं.

फेब्रुवारीत घर बघायला येऊच नका. फेब्रुवारीत फिनिक्सची प्रत्येक गल्ली छान दिसते.